धुऊन परत द्यायचे नाव

सान रोके, कावीते
गुरुवार, १३ जानेवारी १९३८

कुया, येत्या फेब्रुवारीत आपल्या अबोल्याला दोन वर्षे होतील. एवढ्या काळात मी दोन ओळीसुद्धा धाडल्या नाहीत, त्याची आधी माफी मागतो आणि मग कायद्याचे बोलतो. तुझे घर माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे, तेव्हा दोष पोस्टावर ढकलण्याची सोय नाही.

हे माझे मृत्युपत्र आहे. सोमवारी मनिलाच्या इस्पितळात माझे पोट उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण म्हणताना ते खिडकीबाहेर पाहत होते. सोळा वर्षे मी अधिकाऱ्यांच्या खुर्चीमागे उभा राहून वाढण्याचे काम केले आहे. बोलताना खिडकीबाहेर पाहणाऱ्या माणसाचा अर्थ मला लागतो.

इस्पितळाच्या वहीत माझे नाव 'इलारियो सालुद' असे लिहून घेतले आहे. म्हणजे तुझे. माझ्या आरमारी कागदांवर तेच आहे. सोमवारी मी दगावलो, तर मेलेल्यांच्या यादीत तू जाशील आणि मी, कासिमिरो, तुझ्या मासळीच्या परवान्यावर जिवंत राहीन. हे होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. घर, पेटी, भांडी ही ओघाने आली.

तर, ज्याची सही या कागदाच्या तळाशी येईल तो मी, वय बेचाळिसावे चालू, अमेरिकी आरमारातला निवृत्त स्टुअर्ड, बुद्धीने शाबूत, पोटाने नादुरुस्त, कोणाच्या भरीस पडून नव्हे, कोणाच्या धाकाने नव्हे, आणि सकाळपासून कॉफीखेरीज काहीही न पिता, पुढील व्यवस्था लिहून ठेवतो. नाव पहिल्याच ओळीत घालावे लागते, असे वकील दोन लिनो ('दोन' ही आमच्याकडची मानाची पदवी, आकडा नव्हे) यांनी दोनदा बजावले. मी दोनदा होय म्हटले आणि ते शेवटी ठेवले आहे.

कलम पहिले. शब्दांचा अर्थ.

या कागदात 'कुया' असे जिथे येईल, तिथे माझा थोरला भाऊ समजावा. न्यायाधीश परमुलखातले निघाले तर त्यांच्यासाठी सांगतो : आमच्याकडे थोरल्या भावाला कुया म्हणतात आणि धाकट्याने त्याचे नाव जिभेवर आणायचे नसते. मी पाच वर्षांचा असताना एकदा आणले होते. आईने जिभेला मिरची लावली. ज्या नावाने मी त्याला आयुष्यात दुसऱ्यांदा हाक मारली नाही, ते नाव मी सोळा वर्षे अंगावर वागवले. हा विनोद मला सुचलेला नाही. तो घडला आहे.

कलम दुसरे. घर.

घर, त्याच्या शिंपल्यांच्या खिडक्या, मागची विहीर आणि दारातले चिंचेचे झाड माझी बायको रोसेंदा हिला. वेताची आरामखुर्चीही तिलाच. खरे तर त्या खुर्चीत ती मला क्वचितच बसू देते, त्यामुळे हे देणे नसून कबुली आहे.

ताटे, सुऱ्या, काटे तिने हवे तसे मांडावेत. मी आरमारातून आल्यावर टेबलावर सुरीचे पाते आत वळलेले आहे की नाही हे पाहत फिरायचो. ती म्हणायची, "जेवायला बसतोयस की तपासणीला? हे बघ, मासा मेलाय. त्याला सलामी नको." तिचे बरोबर होते. हे मी तिला तोंडावर सांगितलेले नाही, म्हणून इथे लेखी देतो.

कलम तिसरे. पेटी.

हाँगकाँगहून आणलेली कापराच्या लाकडाची पेटी आनिसेतो दिमाआनो ऊर्फ सेतोंग याला. हा बातांगासचा आचारी. एकाच तोफनौकेवर आम्ही नऊ वर्षे एका चुलीपाशी काढली. नौका बसकी, रुंद, नदीत डुलत चालायची. आम्ही तिला 'बदक' म्हणायचो. अधिकारी तिला काय म्हणत ते तिच्या कपाळावर पितळी अक्षरांत होते आणि ती अक्षरे घासणे आमच्याकडे होते.

त्या आरमारात आमच्यातल्या, फिलिपिनो माणसाला तोफेजवळ जागा नव्हती. थाळी, इस्त्री, कॉफी, एवढेच. मी कॉलेजातून पदवी घेतली होती, लॅटिनमध्ये पहिला आलो होतो, आणि पहिल्या आठवड्यात अंडे किती मिनिटांत घट्ट होते याची परीक्षा नापास झालो. सेतोंगने मला अंडे शिकवले. मी त्याला वाचायला शिकवले. कोणाचे शिक्षण जास्त उपयोगी पडले हे विचारू नये.

पहिल्या दिवसाची हजेरी. डेकवर आम्ही अकरा नवे उभे. अधिकाऱ्याने पुकारले, "इलारियो सालुद!" आणि मी, जन्मभराच्या सवयीने, कुयाला शोधायला मागे वळून पाहिले. मग अदबीने म्हणालो, "कुया इथे नाही, सर."

"कोण इथे नाही?"

"माझा भाऊ, सर."

"मग तू कोण?"

बाजूला सेतोंग उभा होता. ओळख ना पाळख, पण त्याने माझ्या बरगडीत कोपर मारले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "सर, हाच तो. ह्याला मलेरिया झाला होता. गेला, पण थोडा डोक्यात राहिलाय."

डेक हसला. त्या दिवसापासून मी 'इथेनाही' झालो. "ए इथेनाही, मीठ दे." "इथेनाहीला विचार, तो इथेच आहे." सोळा वर्षे जहाजावरच्या सोबत्यांनी मला दुसऱ्या नावाने बोलावलेले आठवत नाही. एका परीने ते सगळ्यांत खरे नाव होते.

सेतोंग, पेटीच्या तळाशी तांब्याचा तुझा चहाचा डबा आहे. चीनच्या चिफू बंदरात तू तो तीन दिवस शोधलास आणि धोब्यावर आळ घेतलास. तो माझ्याकडे होता. त्यात मी रोसेंदाची पत्रे ठेवली होती आणि ते सांगायची मला लाज वाटली. त्या धोब्याची माफी मागायची राहिली.

कलम चौथे. मोठे पातेले.

दोन कानांचे मोठे पातेले सान रोके चर्चमागे सणाला स्वयंपाक करणाऱ्या बायकांना. एका बाजूला पोचा आहे, तो ठोकून काढू नये.

एकतीस साली यांगत्से नदीला पूर आला तेव्हा आमचे बदक हानकौ शहराच्या वरच्या अंगाला भातशेतांवरून चालत होते. खाली बांध दिसायचे. घरांच्या छपरांवर माणसे, डुकरे, एका छपरावर फक्त एक शवपेटी आणि तिच्यावर बसलेला म्हातारा. कप्तानाने आम्हांला सांगितले नाही, पण अडवलेही नाही. सेतोंगने याच पातेल्यात पेज शिजवायला घेतली आणि मी छोट्या होडीतून ती छपराछपरांवर पोचवली. पोचा तेव्हाचा आहे, एका खांबावर आदळून.

एका छपरावर एक म्हातारी होती. पेज प्यायली, वाडगा मला परत दिला, माझ्या छातीवर बोट ठेवले आणि काहीतरी विचारले. भाषा येत नव्हती तरी प्रश्न कळला. मी म्हणालो, "कासिमिरो." का म्हणालो, ठाऊक नाही. बहुतेक यासाठी, की ती हे कोणत्याही वहीत लिहिणार नव्हती. ती म्हणाली, "का-सी." आणि हसली. पुढे होडी लांब गेल्यावरही ती "का-सी" करून हात हलवत होती. घराबाहेर त्या नावाने मला हाक मारणारी ती एकटी. त्या रात्री रोजनिशीत मी फक्त तांदळाचा आकडा लिहिला आहे. असल्या गोष्टी मी रोजनिशीतही लपवत आलो.

कलम पाचवे. पुस्तके आणि वह्या.

लॅटिनचा कोश आणि काळे फाउंटनपेन रोसेंदाने सान रोकेच्या शाळेला द्यावे. पेन लेफ्टनंट व्हिटकोम यांनी दिले होते. निरोपाच्या चांदीच्या पेल्यावर कोरायचे लॅटिन वाक्य ते कॉफी पिता पिता मोठ्याने वाचत होते. क्रियापद चुकले होते. मी कप खाली ठेवताना म्हणालो, "अनेकवचन पाहिजे, सर." त्यांनी वर पाहिले. सहा वर्षांत त्यांनी माझा चेहरा पाहिल्याची ती पहिली वेळ. "तू कॉलेजात होतास?" "होय, सर." "मग इथे काय करतोस?" मी म्हणालो, "कॉफी, सर." ते लाल झाले. दुसऱ्या दिवशी पेन आले. माणूस चांगला होता. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही दुसरे उत्तर नाही.

माझ्या एकोणीस रोजनिश्या रोसेंदाने ठेवाव्यात किंवा चुलीत घालाव्यात. १९१९ ची वही मात्र कुयाला. त्यात मे महिन्यात एक खोटे आहे, ते इथे दुरुस्त करतो.

गोदीत आरमाराची भरती होती. आम्ही दोघे भाऊ गेलो. मी हाडांचा सापळा. वजन भरावे म्हणून कुयाने वाटेत मला केळी चारली. "खा. अजून चार खा. पोटात मावत नसली तर गालात धर आणि काट्यावर चढ." मी चौदा केळी खाल्ली आणि दोन पौंड कमी भरलो. कुया रांगेत नुसताच सोबतीला उभा राहिला होता. त्याचे दात पाहिले, छाती ठोकली आणि हातात चिठ्ठी दिली : सोमवारी हजर व्हावे.

पायऱ्यांवर मी केळी ओकलो. तो माझी पाठ चोळत होता. मग म्हणाला, "घे, ही चिठ्ठी. तू जा."

"पण..."

"पण काय? तुझी साबेलवहिनी पोटुशी आहे. माझ्याकडे होडी आहे, तुझ्याकडे लॅटिन. लॅटिनने मासे मिळतात का? आणि किनारा दिसेनासा झाला की मला झोप येत नाही, माहितीये तुला."

"चिठ्ठीवर नाव तुझं आहे, कुया."

"मग? लग्नाला माझा सदरा नेतोस तेव्हा विचारतोस? तसंच ने. फक्त परत देताना धुऊन दे."

वहीत मी लिहिले आहे, 'मी पुष्कळ विरोध केला.' केला नाही. मी 'पण' म्हणालो आणि हात पुढे केला. हात आधी पुढे गेला की 'पण' आधी आले, हेही मला सांगता येत नाही. सोमवारी काट्यावर मला पुन्हा कोणी चढवले नाही. चेहरे आमचे सारखेच. मी इलारियो होऊन गेलो, आणि एका नावाचे दोघे दिसू नयेत म्हणून कुया गावच्या दफ्तरात कासिमिरो झाला. दरवर्षीचा रहिवासी दाखला, होडी, मासे अडवण्याच्या बांबूंचा परवाना, सगळे माझ्या नावाने.

दरवर्षी १४ जानेवारीला, संत इलारियोच्या दिवशी, सेतोंग माझ्यासाठी तांदळाचा केक भाजायचा. आमच्याकडे जन्मदिवसाच्या संताचे नाव ठेवतात, म्हणजे तो वाढदिवस कुयाचा; माझा चार मार्चला असतो. मी मेणबत्ती विझवायचो, केक खायचो. चवीला तो नेहमी चांगलाच असायचा, हीच त्यातली वाईट गोष्ट.

कलम सहावे. राग.

मुख्य स्टुअर्ड, ज्याने हरवलेल्या चमच्यांसाठी सगळ्यांसमोर माझी पेटी पालथी केली, त्याला माफ केले आहे. चमचे पुढे त्याच्याच कपाटामागे निघाले. त्याने मला सांगितले नाही. मला ते ठाऊक आहे हे मीही त्याला सांगितले नाही. फिटंफाट.

शेजारच्या मार्ताबाईंचा कोंबडा, जो तिन्ही त्रिकाळ आरवतो, त्यालाही माफ. मार्ताबाई या कागदावर साक्षीदार आहेत म्हणून नव्हे.

आता कुयावरचा राग. तो मी दोन वर्षे जपला, आणि आता तपासून पाहता तो माझ्यावरचाच निघतो. घडले ते असे.

पस्तीस साली मी निवृत्त होऊन आलो. पुढच्या जानेवारीत कुयाच्या मुलीचे, लुस ऊर्फ लुसिंगचे, लग्न ठरले. चर्चमध्ये तीन रविवार मुला-मुलींची आणि त्यांच्या बापांची नावे पुकारतात. पहिल्या रविवारच्या आधी कुया माझ्याकडे आला. टोपी हातात. माझ्या घरी टोपी हातात घेऊन तो कधी आला नव्हता.

"तू आता परत आलास. काम झालं," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नात तरी माझं नाव वाचू दे."

"माझ्या पेन्शनचे कागद अजून मनिलात फिरतायत, कुया. आत्ता दोन इलारियो निघाले तर सगळं जाईल. सहा महिने थांब."

"लग्न सहा महिने थांबेल?"

"मग... या खेपेला राहू दे."

त्याने टोपी घातली आणि गेला. तीन रविवार पाद्र्यांनी वाचले, 'कासिमिरो सालुद याची मुलगी लुस.' कुया खांबाशी उभा राहून ऐकत होता. पहिल्या रविवारी तो खाली पाहत होता, दुसऱ्या रविवारी माझ्याकडे. तिसऱ्या रविवारी तो मध्येच बाहेर गेला.

लग्नाच्या जेवणाला मी सगळ्यांत पुढच्या टेबलाशी बसलो होतो, पांढऱ्या कोटात. कुया स्वयंपाकघरातून आला. डाव्या हातावर घडी केलेला पंचा, उजव्या हातात किटली. माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन उभा राहिला, अगदी आम्हांला शिकवतात तसा.

"कॉफी, सर? साखर किती, सर?"

लोक हसले. मला वाटले थट्टा आहे. मी म्हणालो, "बस ना, कुया, असं काय करतोस?"

"असं कसं, सर? आरमारात सोळा वर्षं इलारियो सालुदनेच कॉफी वाढली. विचारा कोणालाही. कागद आहेत."

आणि त्याने वाढली. एक थेंब बशीत सांडला नाही. साबेलवहिनी दारात उभ्या राहून रुमालाने तोंड दाबून रडत होत्या, आणि मी, मनाने इतका काटेकोर म्हणवणारा मी, ती कॉफी प्यायलो. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

कुयावरचा राग येणेप्रमाणे रद्द. त्याचा माझ्यावरचा राग ही त्याची मालमत्ता आहे. तिची विल्हेवाट मी लावू शकत नाही.

कलम सातवे. नाव.

'इलारियो सालुद' हे नाव, त्याला लागलेल्या दोन पदकांसह आणि एका ताकिदीसह, ज्याचे त्याला, म्हणजे कुयाला, परत.

हे कलम घातले तेव्हा दोन लिनोंनी चष्मा काढला. "तीस वर्षं वकिली करतोय. नाव मृत्युपत्राने देता येत नाही हो. जे तुमचं नाही ते तुम्ही कसं देणार?"

"तेच म्हणतोय मी. माझं नाहीच."

"मग द्यायचं कशाला? हे पहा, साधी वाट सांगतो. हा कागद बंद करून माझ्याकडे ठेवा. तुम्ही गेलात तर उघडीन, भावाचं नाव मोकळं होईल. जगलात तर फाडून टाकू. मेलेल्याला कोणी तुरुंगात घालत नाही. पण जिवंतपणी आरमाराला कळवलंत, तर पेन्शन बंद, आणि खटला वेगळा."

"आणि भावाचं काय होईल?"

"देणाऱ्याला अठरा वर्षांनी कोण विचारतंय? दाखल्यांचा दंड होईल फार तर, तो मी निस्तरतो. अडकणार तुम्ही."

माझ्या आजाराचे ऐकून बातांगासहून आलेला सेतोंग तिथेच होता. तो ओरडला, "ऐक ना त्यांचं, गाढवा! मेलास तर सांगायची गरज नाही, जगलास तर सांगून भात नाही. एवढं लॅटिन शिकलास आणि हे कळत नाही?"

मी दोन दिवस विचार केला. वाट खरोखर चांगली आहे. तिच्यात एकच खोट आहे. मेल्यावरच्या खरेपणाची काही किंमत मोजावी लागत नाही. लग्नाच्या वेळी मी कुयाला थांब म्हणालो, आणि हा कागद बंद ठेवला तर पुन्हा तेच म्हणेन. फक्त या वेळी म्हणेन, मी मरेपर्यंत थांब. आणि सोमवारी मी जगलो, की पुन्हा जगण्याची इच्छा होईल, पुन्हा पेन्शनची. मी स्वतःला ओळखतो. 'पण' म्हणेन आणि हात पुढे करीन.

रोसेंदा मासे खारवत होती. तिला विचारले. हात न थांबवता म्हणाली, "मी चर्चमध्ये कासिमिरोशी लग्न केलंय. तेरा वर्षं पाकिटावर एक नाव लिहिलं आणि दुसऱ्याची वाट पाहिली. मलाही दमायला झालंय."

"पेन्शन जाईल, रोसेंदा."

"जाऊ दे. धुरी दिलेली मासळी विकायला मला कोणत्या आरमाराचा परवाना लागतो?" मग थोड्या वेळाने, "तुरुंगात टाकलंच तर तिथे काटे-सुऱ्या मांडायला जाऊ नकोस म्हणजे झालं."

तेव्हा आज दुपारी मी गोदीतल्या आरमारी कचेरीला पत्र लिहिले. माझे खरे नाव, जन्मतारीख, चिठ्ठीची हकिकत, सगळे. दोन लिनो ते स्वतः नेऊन देऊन आले आणि शिक्का मारलेली पोच माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "घ्या. आता तुम्ही कोणीच नाही." मी पोच दोनदा वाचली. भीती वाटली, हे नमूद करतो. मग भूक लागली, हेही करतो.

आरमारात प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत काळ्या शाईने मालकाच्या नावाचा ठसा मारतात. कितीही धुतले तरी तो जात नाही. माझे पांढरे कोट झिजून गेले, एक राहिला. तो काल मी धुतला, खळ घातली, इस्त्री केली. माझ्या हातून याहून चांगली इस्त्री कधी झाली नाही. आत लिहिले आहे : इलारियो सालुद. हा कोट कुयाला. मी मरेपर्यंत थांबायचे नाही. आधीच. खांद्यांत तो त्याला थोडा घट्ट होईल. भरतीच्या दिवशीही त्याची छाती माझ्याहून दोन इंच जास्त होती.

कलम आठवे. दगड.

मी गेलो तर दगडावर 'कासिमिरो' कोरावे. खाली आरमाराचा नांगर, तोफ काही नको. हवे तर कॉफीची किटली काढावी, पण दगडवाल्याला जमेलसे वाटत नाही. दफनानंतर जेवणात कुयाने वाढायचे नाही. त्याने बसायचे. सेतोंग वाढील, आणि उजव्या बाजूने वाढील.

या सगळ्याची अंमलबजावणी कुयाने करावी, अशी विनंती. त्याने नकार दिला तर दोन लिनोंनी. साक्षीदार म्हणून मला कुयाच हवा होता, पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीला बसवू नये असे दोन लिनो म्हणतात. सेतोंगलाही म्हणूनच बसवता आले नाही, पेटीमुळे. तो म्हणाला, "पेटी ठेव, सही करू दे." मी ऐकले नाही. तो बाहेर पायरीवर बसून रागाने केळे खात आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला, साक्षीदारांनी ऐकला. कोंबड्याच्या कलमाला मार्ताबाई हसल्या. सातव्या कलमाला कोणी हसले नाही.

सही : कासिमिरो सालुद

(सहीचे पहिले अक्षर खोडून पुन्हा लिहिले आहे. हात सवयीने दुसऱ्याच अक्षराकडे वळला. ही खाडाखोड माझी असून साक्षीदारांसमक्ष झालेली आहे.)

साक्षीदार :
मार्ता पालोमारेस, सुईण, सान रोके. हिने आम्हां दोघा भावांना जन्मताना पाहिले आहे आणि कोण कोणता हे शपथेवर सांगू शकते.
ग्रेगोरियो बास, चर्चचा घंटावाला.
बिसेंते ओकाम्पो, गोदीतला सुतार.

ठिकाण : सान रोके, कावीते. दिनांक १३ जानेवारी १९३८, सायंकाळी पाच वाजता.

उद्या, १४ जानेवारी, संत इलारियोचा दिवस : कोट घेऊन कुयाच्या दारी जाणे, पायरीखाली उभे राहून त्याला त्याच्या नावाने हाक मारणे.